छातीतला पंप

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या कराड येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, फक्त मध्येच चहा आला तेवढा भाग वगळला आहे.)



संयोजकांनी मला अर्धा तास दिला आहे आणि विषय दिलाय ‘हृदय’. हा विषय जाहीर झाल्यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ज्या शायऱ्या आल्या त्या इथे वाचणार नाही, कारण समोर सर बसलेत. मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतले दोन डॉक्टर दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि काही वेडंवाकडं बोलले तर लगेच हात वर करा, असं त्यांना सांगून ठेवलंय. मी इंजिनीअर. ईसीजीच्या रेषा वाचून त्यातले ठोके ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे गेली अकरा वर्षं माझं पोटापाण्याचं काम आहे. म्हणजे रोज शेकडो हृदयं बघते, पण त्यातल्या एकाही माणसाचा चेहरा मला माहीत नसतो.

सकाळी आपण ज्याच्या फोटोला हार घातला, त्याचा चेहरा मात्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो गेला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच्याबद्दल मी शेवटी बोलणार आहे, वहिनींना विचारून. पण ते नीट कळायचं असेल तर आधी हा पंप चालतो कसा ते बघावं लागेल. थोडं गणित आहे. तुमच्यातल्या काहींचं गणिताशी असलेलं नातं मला माहीत आहे, त्यामुळे गुणाकाराच्या पुढे जाणार नाही.

आपली मूठ मिटा. साधारण तेवढं आपलं हृदय. वजन पाव किलोपासून तीनशे-साडेतीनशे ग्रॅमपर्यंत. एका ठोक्याला ते सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं, म्हणजे टपरीवरचा कटिंग चहा. मिनिटाला ७२ ठोके धरले तर झाले पाच लिटर. शरीरात एकूण रक्तही साधारण पाचच लिटर असतं, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचं सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. आता चोवीस तासांचा हिशेब करा. एक लाखाच्या वर ठोके आणि सात हजार लिटरच्या वर रक्त. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा सात टाक्या रोज. आणि हे करायला लागणारी शक्ती? स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाचं प्रत्यक्ष ढकलण्याचं काम मोजलं तर ते भरतं जेमतेम एक वॉट. आपल्या लहानपणी देवघरात लावायचो तो झिरोचा बल्ब नावाला झिरो होता, खाताना पंधरा वॉट खायचा.

या गुणाकाराला इतिहास आहे. सुमारे चौदाशे वर्षं वैद्यकात गेलेन या ग्रीक वैद्याचं म्हणणं चालत होतं, की खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, ते शरीरभर जातं आणि तिथेच संपतं. म्हणजे शेताला पाणी पाजल्यासारखं. सोडलं, जिरलं, विषय संपला. इंग्लंडच्या विल्यम हार्वीने हिशेब मांडला. एका ठोक्याला अगदी थोडंच रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त अख्ख्या शरीरात असतं त्याहून जास्त भरतं. एवढं रक्त अन्नातून तयार होणार कुठून आणि जिरणार कुठे? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. १६२८ साली त्याने हे पुस्तकात छापलं. गंमत म्हणजे धमन्यांमधून शिरांमध्ये रक्त नेमकं कुठून जातं ते त्याला आयुष्यभर दिसलं नाही. त्या केसाहून बारीक वाहिन्या माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हार्वी तोवर जाऊन चार वर्षं झाली होती. न दिसलेली वाट नुसत्या हिशेबातून सांगितली, म्हणून हा माणूस मला फार आवडतो. (फुप्फुसांमधून रक्त फिरून येतं हे कैरोच्या इब्न अल-नफीसने तेराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं, तेही सांगायला हवं.)

आता आतली रचना. चार कप्पे. वरचे दोन गोळा करणारे, खालचे दोन ढकलणारे. अलिंद आणि निलय हे शब्द बाईंना आठवत असतील, आपल्याला नाही, म्हणून मी वरचे आणि खालचे असंच म्हणते. शरीरभर फिरून आलेलं रक्त उजवीकडच्या वरच्या कप्प्यात येतं. ते येतं कसं? डोकं आणि हात यांच्याकडून एक मोठी शीर वरून खाली येते, पोट आणि पाय यांच्याकडून दुसरी खालून वर येते. दोन्ही समोरासमोर येऊन भिडतात आणि प्रवाह तिथून वळून पुढे जातो. कराडच्या माणसाला हे चित्र काढून दाखवायची गरज नाही. प्रीतिसंगमावर उभं राहा. कृष्णा एका बाजूने येते, कोयना समोरून येते, दोघी एका रेषेत भिडतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. छातीत उजव्या बाजूला तोच प्रकार आहे.

तिथून रक्त खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसात, ऑक्सिजन घेऊन डावीकडच्या वरच्या कप्प्यात, मग डावीकडच्या खालच्या, आणि तिथून महाधमनीतून सगळीकडे. म्हणजे एका हृदयात खरं तर दोन पंप आहेत. उजवा पंप शेजारच्या शेजारी फुप्फुसात ढकलतो, त्याचा दाब पाऱ्याच्या पंचवीस मिलिमीटरच्या आसपास. डावा डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवतो, त्याचा दाब एकशे वीस. आपण बीपी बघतो तो या डाव्याचा.

दाब वेगळे, पण दोन्ही पंपांनी ढकललेलं रक्त मात्र सारखंच असावं लागतं. का? समजा उजव्याने प्रत्येक ठोक्याला फक्त एक मिलिलिटर जास्त ढकललं. मिनिटाला ७२ मिलिलिटर, दहा मिनिटांत पाऊण लिटरच्या जवळ. ते सगळं फुप्फुसात साचलं तर माणूस स्वतःच्याच रक्तात गुदमरेल. आमच्या धंद्यात दोन यंत्रांचा मेळ बसवायचा तर मध्ये तिसरं यंत्र बसवावं लागतं. इथे तसं काही नाही. हृदयाच्या स्नायूचा गुण असा की तो जितका जास्त ताणला जातो तितक्या जोराने आवळतो. जास्त रक्त आलं, कप्पा जास्त फुगला, पुढचा ठोका आपोआप जोराचा पडला. जेवढं येईल तेवढं पुढे. फ्रँक आणि स्टारलिंग या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने हा नियम ओळखतात. डावा पंप थकला आणि हे गणित बिघडलं, की रात्री आडवं झाल्यावर दम लागतो, एकाच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. सर, हे मी तुमच्याकडे बघून सांगतेय. उशा वाढल्या तर मुलांपासून लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

आता माझा आवडता भाग, झडपा.

आपल्यातल्या निम्म्या लोकांची शेती कृष्णाकाठी आहे. नदीवर मोटार बसवली की पाइपच्या तळाला फूटव्हॉल्व्ह लागतो, ज्याला वस्तीवर सगळे ‘फुटबॉल’च म्हणतात. मोटारीने ओढलं की तो उघडतो, मोटार थांबली की वरच्या पाण्याच्या वजनाने मिटतो आणि पाणी परत नदीत जाऊ देत नाही. त्याला वीज लागत नाही, बटण नसतं, उघडबंद करायला गडी लागत नाही. हृदयात असे चार आहेत. त्यांना स्वतःहून उघडणारा कुठलाही स्नायू नाही. मागचा दाब वाढला की उघडतात, पुढचा वाढला की मिटतात. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून जे ‘लब-डब’ ऐकतात तो या झडपा मिटण्याचा आवाज. ‘लब’ म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन मिटल्या, ‘डब’ म्हणजे बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या दोन मिटल्या. दार उघडताना आवाज नाही, लावताना होतो.

झडपांना काही लागत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

जाता जाता शिक्षकांसाठी एक. फुटबॉल गळायला लागला की मोटार पाणी सोडते, तसं झडपांचंही होतं, आणि आपल्या देशात त्याचं एक मोठं कारण लहानपणी सुरू होतं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला घसा दुखून ताप येतो, बरा होतो, मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे, कोपरं आळीपाळीने सुजतात. घरचे म्हणतात, खेळताना लागलं असेल. तो संधिवाताचा ताप असू शकतो, आणि तो हृदयाच्या झडपा खराब करून जातो. वेळेवर ओळखला तर साध्या पेनिसिलिनने पुढचं नुकसान टळतं. वर्गात असं मूल दिसलं तर ‘नाटक करतोय’ म्हणण्याआधी दवाखान्यात पाठवा.

झडपा फक्त हृदयातच नाहीत, पायांच्या शिरांमध्येही आहेत. पायातलं रक्त चार-साडेचार फूट वर चढवायचं काम हृदय एकटं करत नाही. पोटरीचा स्नायू आवळला की शीर दाबली जाते, रक्त वर सरकतं, झडप त्याला खाली येऊ देत नाही. चालताना हे आपोआप होतं. स्थिर उभं राहिलं की होत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी आपण ‘सावधान’मध्ये उभे असायचो आणि दरवर्षी पाचवीतली दोन-तीन मुलं धाडकन पडायची, आठवतंय? सगळे म्हणायचे, उपाशी आलं असेल. उपाशीपोटी आणखी वाईट, पण मूळ गोष्ट ही की पोटऱ्या थांबल्या, रक्त पायात साचलं, मेंदूला कमी पडलं. आडवं केलं की मिनिटभरात शुद्धीवर. पीटीचे सर ‘टाचा वर, टाचा खाली’ करायला लावायचे तेव्हा आम्ही हसायचो, त्यात पूर्ण शास्त्र होतं. आणि पस्तीस-पस्तीस मिनिटांचे सहा-सात तास, तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या आमच्या बाईंच्या पायावर ज्या निळ्या शिरा उठल्यात, त्या म्हणजे या झडपा उभं राहून राहून थकल्या. त्यातले निदान दोन तास आमच्या दंग्यामुळे जास्त झाले असतील.

आता वीज. कारण माझी भाकरी तिच्यावर आहे.

पंपाला ‘आता आवळ’ असं कोण सांगतं? मेंदू नाही. मेंदू फक्त हळू कर, जोरात कर एवढंच सांगतो. ठोका हृदयातच जन्मतो. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा स्वतःहून विजेची ठिणगी टाकतो. ती वरच्या कप्प्यांतून पसरते, ते आवळतात. मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एका जागी ती मुद्दाम अडवली जाते, सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाएवढी. वरचं रक्त खाली उतरायला तेवढा वेळ मिळतो. मग ती खालच्या कप्प्यांत उतरते आणि ते खालून वर आवळतात, कारण बाहेर जायच्या वाटा वरच्या बाजूला आहेत. टूथपेस्टची ट्यूब शहाणा माणूस खालून दाबतो तसं. मेंदूशी संबंध नाही याचा पुरावा म्हणजे हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया. बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्याच असतात, तरी ते चालतं. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी हे पहिल्यांदा केलं आणि अडीच-तीन महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी केलं. तो रुग्ण काही तासच जगला, पण त्या काळात मुंबईत हे धाडस झालं होतं हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

वरचा पुंजका बंद पडला तर? मधली अडवणारी जागा स्वतः मिनिटाला चाळीस ते साठ ठोके देते. तीही गेली तर खालचे कप्पे वीस ते चाळीसवर कसेबसे चालतात. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर, तोही संपल्यावर मेणबत्ती. उजेड कमी, पण अंधार नाही. मेणबत्तीवर चालणाऱ्या माणसाला आज पेसमेकर बसवतात. पहिला आत बसवलेला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या माणसाला बसवला. तो काही तासांतच बंद पडला, मग दुसरा बसवला. आयुष्यात त्याला वीसहून जास्त पेसमेकर लागले आणि तो २००१ साली, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि यंत्र बनवणारा इंजिनीअर या दोघांच्याही नंतर गेला. आमच्या धंद्यात आवृत्ती एक कधीच चालत नाही म्हणतात, ते असं.

अजून एकच गोष्ट, मग आपल्या मित्राकडे येते. हृदय सगळ्यांना रक्त देतं, मग त्याला कोण देतं? महाधमनीच्या अगदी तोंडाशी दोन धमन्या फुटतात, त्या हृदयाच्याच अंगावर पसरतात. पण डावा कप्पा जोराने आवळतो तेव्हा आपल्याच भिंतीतल्या वाहिन्याही चेपून टाकतो. त्यामुळे त्या भिंतीला रक्त मिळतं ते मुख्यतः तो सैल पडतो तेव्हा. सगळ्यांना वाढून झालं की मग स्वतः ताटावर बसणारी घरातली बाई. आठ दशांश सेकंदाच्या एका ठोक्यात तीन दशांश आवळणं आणि पाच दशांश सैल पडणं असतं. ती पाच दशांशाची विश्रांती म्हणजे त्याचं जेवण.

या धमन्यांपैकी एक तुंबली आणि पुढचा स्नायू उपाशी मरायला लागला, की तो हार्ट अटॅक. हे नळाचं काम बिघडणं आहे. माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो, बोलतो, छातीवर दडपण, डावा हात, जबडा, घाम. आणि मैत्रिणींनो, बायकांमध्ये पुष्कळदा छातीत कळ येतच नाही. मळमळ, पाठीत भरून येणं, जबडा दुखणं, जिना चढताना अचानक न झेपणारा थकवा. आपण म्हणतो पित्त झालंय, सोडा पितो, उरलेली भांडी घासतो आणि सकाळी बघू म्हणतो. सकाळी बघू नका. पहिल्या तासात जे वाचतं ते सहाव्या तासात वाचत नाही.

दुसरा प्रकार विजेचा. ती ठिणगी एका वाटेने जायची सोडून सगळीकडून, कशीही, एकाच वेळी धावायला लागते. खालचे कप्पे आवळत नाहीत, नुसते थरथरतात. माझ्या स्क्रीनवर ती रेषा येते तेव्हा तिला आकारच नसतो, लहान मुलाने पेन्सिल गिरवल्यासारखी. थरथरणारा पंप एक थेंबही ढकलत नाही. आठ-दहा सेकंदांत माणूस कोसळतो. चार ते सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं. याला हृदय बंद पडणं म्हणायचं, कार्डियाक अरेस्ट. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण दोन्ही एक नव्हेत.

आपल्या मित्राला दुसरं झालं. संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना तो कोर्टवर पडला. हॉलमध्ये चौदा-पंधरा माणसं होती, सगळी शिकलेली, सगळी त्याच्यावर प्रेम करणारी. कुणी वारा घातला, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तळपाय चोळले. तो मधूनमधून जोराने घोरल्यासारखा श्वास घेत होता, म्हणून सगळ्यांना वाटलं श्वास चालू आहे. गाडी आली, त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, दवाखाना गाठला. वहिनींनी वेळा जुळवून पाहिल्या. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत त्याच्या छातीला कुणी हात लावला नव्हता. वहिनी मला म्हणाल्या, “त्यांच्यावर माझा राग नाही गं. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. तू शिकव.”

ते घोरणं श्वास नव्हता. पंप बंद पडल्यावर मेंदूच्या तळातून येणारे ते शेवटचे आचके असतात, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. अशा वेळी बघायचं एवढंच, माणूस हाक मारल्यावर, खांद्याला हलवल्यावर प्रतिसाद देतो का, आणि छाती नेहमीसारखी वरखाली होते का. दहा सेकंदांत ठरवा. झेंडावंदनाला पडलेलं मूल नीट श्वास घेत असतं आणि आडवं केल्यावर जागं होतं. हा होत नाही.

आता झडपा आठवा. पंपाची वीज गेली, स्नायू थांबला, पण चारही झडपा जागच्या जागी शाबूत आहेत आणि त्यांना वीज लागतच नाही. छातीच्या मधल्या हाडावरून जोराने दाबलं की हृदय ते हाड आणि मणका यांच्यामध्ये चेपलं जातं, सगळ्या छातीतला दाब वाढतो, आणि झडपांमुळे रक्त एकाच दिशेने पुढे जातं. सोडलं की पुन्हा भरतं. बाहेरून आपणच मोटार व्हायचं. नेहमीच्या प्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांश एवढंच मिळतं, पण तेवढ्यावर मेंदू तग धरतो.

हे शोधण्यात एका इंजिनीअरचा हात आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कौवेनहोवन नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. तारांवर काम करणारे वायरमन शॉक लागून मरत, त्यांचं हृदय पुन्हा कसं चालू करायचं यावर ते काम करत होते. त्यांचा सहकारी निकरबॉकर, तोही इंजिनीअरच. कुत्र्यांवर प्रयोग करताना शॉक देण्याच्या जड पट्ट्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब थोडा वर जातो, हे त्याच्या लक्षात आलं. ज्यूड या सर्जनच्या साथीने त्यांनी १९६० मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांनीच लिहिलं की आता कुणीही, कुठेही हे करू शकतं, लागतात ते फक्त दोन हात.

करायचं काय ते सांगते. आधी मोठ्याने मदत मागा. एकाकडे बोट दाखवून त्याला १०८ लावायला सांगा. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा. माणूस कडक जमिनीवर उताणा. छातीच्या मध्यावर, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपरं सरळ. आपलं वजन टाकून पाच ते सहा सेंटिमीटर खाली दाबा. पाच सेंटिमीटर म्हणजे किती ते पट्टीवर बघा, वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. आणि प्रत्येक वेळी हात पूर्ण सैल सोडा, छाती वर येऊ द्या. का, ते तुम्हाला आता माहीत आहे. सैल पडतं तेव्हाच ते भरतं आणि तेव्हाच ते स्वतः जेवतं. मध्ये थांबू नका, कारण दहावीस वेळा दाबून जमवलेला दाब हात काढला की लगेच कोसळतो. दोन मिनिटांत हात भरून येतात, दुसऱ्याला द्या. बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो. येऊ द्या. बरगडी जुळते.

मोठं माणूस अचानक कोसळलं असेल तर तोंडाने श्वास देता येत नाही म्हणून अडून बसू नका, नुसतं दाबलं तरी चालतं. नदीत बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र श्वासही हवा. कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी ते वेगळं शिकून घ्यावं.

थरथरणारी वीज परत वळणावर आणायला शेवटी शॉकच लागतो. एईडी नावाचं पेटीएवढं यंत्र विमानतळांवर, मोठ्या मॉलमध्ये दिसतं. उघडलं की ते स्वतः बोलून सांगतं काय करायचं, आणि रेषा बघून शॉकची गरज नसेल तर देतच नाही, तुम्ही चिडून बटण दाबलंत तरी. आत बसलेलं सॉफ्टवेअर आमच्याच जातकुळीतलं. सिनेमात सरळ रेषा आली की शॉक देतात ते खोटं. शॉक हृदय चालू करत नाही, तो सगळी बेशिस्त वीज एकदम गप्प करतो, म्हणजे वरच्या पुंजक्याला पुन्हा सुरुवात करायला मोकळी जागा मिळते. दंगा करणाऱ्या वर्गात मुख्याध्यापक आल्यासारखं. पण दर मिनिट उशिराला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते, आणि छाती दाबत राहिलं तर तीच घट बरीच मंदावते. आपल्या शाळेत असं एक यंत्र बसवावं, यासाठी मेळाव्याचे उरलेले पैसे द्यायचे असं काल आपण आठ-दहा जणांनी बोलून ठेवलं आहे. संध्याकाळच्या बैठकीत तो विषय येईल, तेव्हा कृपया निघून जाऊ नका.

आता जेवणाआधी सगळ्यांनी खाली जुन्या प्रयोगशाळेत यायचं आहे. पुण्याहून सरावाचे दोन पुतळे आणले आहेत, एक जमिनीवर, एक टेबलावर. ‘अ’ तुकडी आधी, मग ‘ब’, हजेरीच्या क्रमानेच, प्रत्येकाने दोन मिनिटं. नीट खोल दाबलं की पुतळ्याच्या खांद्यात टिक असा आवाज येतो, तो आल्याशिवाय मोजणार नाही. जीवशास्त्राच्या बाईंनी पहिला नंबर लावून ठेवला आहे. ज्यांना गुडघ्यांवर बसता येत नाही त्यांनी टेबलावरचा घ्यावा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळं काढून ठेवा.